कानापुढच्या छोट्या छेदाचा फेसलिफ्ट: काय होतं, काय होत नाही

प्रश्न थोडक्यात असा: वय ५३, नागपूरच्या इतवारीत घरचं दुकान. गाल खाली ओघळून जबड्याची रेघ मोडली आहे, मानही थोडी सैल आहे. एका ठिकाणी ‘तासाभराचा मिनिमली इन्व्हेसिव्ह फेसलिफ्ट, पूर्ण भूल नाही, दोन दिवसांत कामावर’ असं सांगितलं. मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि जेवणानंतर एखादा खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) होतो. करावं का, आणि केलं तर नेमकं काय होईल?

ताई, आधी शब्दाचा घोळ सोडवू. ‘मिनिमली इन्व्हेसिव्ह’ या एकाच पाटीखाली सध्या तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे सुईने त्वचेखाली ओवायचे विरघळणारे धागे. दुसरी, अल्ट्रासाउंड किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने त्वचेखाली उष्णता देणारी यंत्रं. तिसरी, कानापुढे छोटा छेद घेऊन आतला थर वर उचलून बांधण्याची खरीखुरी शस्त्रक्रिया. पीडीओचा (विरघळणाऱ्या धाग्यांचा एक प्रकार) धागा साधारण सहा महिन्यांत विरघळतो. त्याभोवती तयार झालेला ताठरपणा आणखी काही महिने साथ देतो आणि वर्ष-दीड वर्षात गाल पुन्हा जिथल्या तिथे. यंत्रांनी हलका सैलपणा आवळतो, ओघळलेला गाल जागेवर जात नाही. तुम्हाला सांगितलेलं ‘तासाभरात, दोन दिवसांत कामावर’ हे वर्णन धाग्यांना शोभतं. शस्त्रक्रियेला नाही. त्यामुळे तिथे परत जाऊन एकच विचारा: छेद घेणार का, आणि आतला कुठला थर पकडणार? उत्तर गुळमुळीत आलं तर तुम्हाला धागे विकले जात आहेत असं समजा.

पुढचं सगळं तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

चेहऱ्याच्या त्वचेखाली चरबी असते आणि तिच्याखाली स्नायूंना जोडलेला एक चिवट पडदा असतो. त्याला ‘स्मास’ म्हणतात. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जनांनी त्याचं नीट वर्णन केलं. त्याआधी नुसती त्वचा ओढून शिवायची पद्धत होती. त्वचा हा ताणला की पुन्हा सैल पडणारा कपडा आहे, म्हणून ते काम टिकत नसे आणि चेहरा मात्र वाऱ्यात उभं राहिल्यासारखा ओढलेला दिसे. आता ओढ आतल्या थराला द्यायची आणि त्वचा वरून फक्त पसरून ठेवायची, हा नियम झाला आहे. छोट्या छेदाच्या पद्धतींपैकी सर्वांत माहितीची म्हणजे बेल्जियमच्या टोनार्ड आणि व्हेर्पेल यांनी २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मांडलेली ‘मॅक्स लिफ्ट’. तिच्यात आतला थर कापून मोठा पापुद्रा काढत नाहीत. जाड टाक्यांनी बटव्याच्या नाडीसारखा गोळा करून सरळ वर, कानशिलाकडे बांधतात.

लक्षात घ्या, यात छोटा आहे तो फक्त व्रण. आतलं काम छोटं नाही. नसा त्याच, रक्तवाहिन्या त्याच, भूल आणि रक्तदाबाचे धोकेही तेच.

तुम्हाला ही शस्त्रक्रिया लागू पडेल का, याचा अंदाज घरच्या आरशात येतो. उभं राहून पाहा, आडवं पडून नको. आडवं पडलं की सगळेच दहा वर्षांनी तरुण दिसतात. दोन्ही कानांच्या अगदी पुढे, कल्ल्याच्या पातळीवर बोट ठेवा आणि त्वचा सरळ वर एक सेंटीमीटर सरकवा. तिरकी मागे नाही, वर. एवढ्याने जबड्याची रेघ परत दिसली आणि हनुवटीखालचा सैलपणा बराचसा गेला, तर छोट्या छेदात काम होण्यासारखं आहे. रेघ सुधारली पण मानेवर हनुवटीपासून गळ्यापर्यंत दोन उभ्या दोऱ्या तशाच लोंबत राहिल्या, तर नाही. त्या दोऱ्या मानेच्या प्लॅटिस्मा स्नायूच्या कडा असतात. त्यांच्यासाठी हनुवटीखाली वेगळा छेद घेऊन त्या मधोमध शिवाव्या लागतात, आणि त्वचा जास्त असेल तर कानामागेही जावं लागतं. तिथे ‘मिनी’चा हट्ट धरला की सहा महिन्यांनी गाल पन्नाशीचे आणि मान साठीची, असा विजोड चेहरा उरतो. हनुवटीखाली नुसती चरबी असेल तर ती त्याच वेळी बारीक नळीने काढता येते.

आपल्याकडच्या चेहऱ्यांबद्दल एक गोष्ट. आपली त्वचा जाडसर, रंगद्रव्य जास्त, म्हणून बारीक सुरकुत्या उशिरा येतात. वय दिसतं ते गालाची चरबी खाली सरकल्यामुळे आणि डोळ्यांखालच्या खोलगट सावलीमुळे. फेसलिफ्टने सरकलेलं वर जातं. पण वांग, काळे डाग, ओठांवरच्या बारीक रेघा, कपाळाच्या आठ्या, डोळ्यांखालची पिशवी यांना तो हातही लावत नाही. नाकाच्या बाजूने ओठाकडे येणारी घडी जराशीच हलकी होते. ती पूर्ण जाईल असं कोणी सांगत असेल तर सावध व्हा.

आता खर्रा. इथे आम्ही ताठर आहोत आणि राहू. निकोटीनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. फेसलिफ्टमध्ये कानापुढची त्वचा खालच्या थरापासून सुटी केलेली असते. तिला रक्त मिळतं ते फक्त गालाकडच्या बाजूने. तो पुरवठा आकसला की सर्वांत दूरचं टोक, म्हणजे कानाजवळची कड, काळी पडून मरते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेसलिफ्टवरच्या एका गाजलेल्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांत ही त्वचा मरण्याचा धोका सुमारे १२ पट आढळला होता. खर्रा, मशेरी, गुडाखू, तपकीर यांतही निकोटीनच आहे. मशेरी लावणाऱ्या पुष्कळ बायका तिला तंबाखूत धरत नाहीत आणि ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला सरळ नाही म्हणतात. निकोटीनचं च्युइंगम आणि पट्टीही याच हिशेबात. शस्त्रक्रियेआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, ‘एखादा’सुद्धा नाही. खर्ऱ्याचा दुसरा त्रास भुलीच्या डॉक्टरांना होतो. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा आखडते आणि जबडा पुरेसा उघडत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे जातात का पाहा. जात नसतील तर ते आधीच सांगा, कारण अडचणीच्या वेळी श्वासनळीत नळी घालायची वेळ आली तर तेव्हा हे कळून उपयोग नाही.

तपासण्यांत रक्ताचा सगळा हिशेब, साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, रक्त गोठण्याची चाचणी, ईसीजी आणि कावीळ-एचआयव्हीच्या चाचण्या असतात. विदर्भात यात सिकलिंगची (सिकलसेल या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) चाचणी घालायलाच हवी. सिकलसेल इथे अनेक कुटुंबांत आहे आणि नुसत्या वाहकाला आयुष्यभर काही त्रास नसतो. भूल, पाणी कमी पडणं, ऑपरेशन थिएटरमधली थंडी आणि कमी ऑक्सिजन हे सगळं एकत्र आलं की मात्र ते माहीत असलेलं बरं.

औषधांत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढतो. व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या, लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूलही त्याच माळेतल्या. बहुतेक गोष्टी सात ते दहा दिवस आधी थांबवतात. हृदयात स्टेंट असेल तर अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करायचं नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं, आणि त्यांनी नाही म्हटलं तर शस्त्रक्रिया सोडायची. रक्तदाबाची गोळी मात्र थांबवायची नाही. बहुतेक गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, तुमची कुठली आहे ते भुलीच्या डॉक्टरांना दाखवा. वजन उतरवायचं आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं. आणि वजन उतरवायचंच असेल तर ते आधी उतरवा. फेसलिफ्टनंतर आठ किलो कमी झालं की केलेलं काम पुन्हा सैल पडतं.

एक प्रश्न प्रत्येकीला विचारावा असा: कान किंवा नाक टोचल्यावर तिथे गाठ आली होती का? आपल्याकडे जवळपास सगळ्यांचे कान टोचलेले असतात, त्यामुळे ही फुकटात झालेली चाचणी आहे. टोचलेल्या जागी वाढत गेलेली कडक गाठ, म्हणजे केलॉइड, झाली असेल तर कानापुढे छेद घेण्याचा विचार सोडून द्यावा.

शस्त्रक्रियेच्या दिवशी खुणा बसवून करतात, आणि फोटोही तेव्हाच. गुंगीचं औषध शिरेतून आणि चेहऱ्यात जागेवर भूल, ही नेहमीची पद्धत. ‘पूर्ण भूल नाही’ याचा अर्थ भूलतज्ज्ञ नको असा होत नाही. अ‍ॅड्रेनलिन मिसळलेल्या लिग्नोकेनची (लिग्नोकेन जागेवर भूल देतं, अ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्या आकसवतं) मर्यादा किलोमागे सात मिलिग्रॅम. ६० किलो वजनाला ४२० मिलिग्रॅम झाले. दोन टक्क्यांच्या ३० मिलिलिटरच्या एकाच बाटलीत ६०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे ती एक बाटली सगळी टोचली तरी मर्यादा ओलांडली. म्हणून ते औषध सलाईनमध्ये पाव टक्क्यापर्यंत पातळ करतात. मग दोन्ही बाजू मिळून १६८ मिलिलिटरपर्यंत हातात राहतात. टोचल्यावर अ‍ॅड्रेनलिनला काम करायला दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात. घाई केली तर रक्त वाहतं.

छेद कानाच्या पाळीच्या खालून निघतो, कानाच्या पुढच्या घडीतून वर जातो आणि कल्ल्याच्या केसांच्या कडेने नागमोडी फिरतो. केसांच्या कडेला सुरी तिरपी धरतात, म्हणजे पुढे व्रणातूनच केस उगवतात आणि तो झाकला जातो. मग गालाची त्वचा चार ते सहा सेंटीमीटरपर्यंत सुटी करतात. पहिला जाड टाका कानशिलाच्या खोल पडद्यात, कानाच्या वरच्या मुळापासून सुमारे एक सेंटीमीटर पुढे, गालाच्या हाडाच्या कमानीच्या वर रोवतात. कपाळ हलवणारी नस तिथून आणखी पुढे असते, म्हणून ती जागा. तिथून टाका उभा खाली जबड्याच्या कोनापर्यंत जाऊन परत येतो आणि मान वर घेतो. दुसरा तिरका, रुंद, ओघळलेल्या गालापर्यंत. गालाचा उंचवटा वर घ्यायचा असेल तर तिसरा, डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला बांधलेला. शेवटी रक्तदाब नेहमीच्या पातळीवर येऊ देऊन रक्त कुठे झिरपतं आहे का ते पाहायचं. हे थांबणं कंटाळवाणं असतं, पण टाळलं तर रात्री भोगावं लागतं. त्वचा वर पसरून, जास्तीची कापून, ताण न देता बारीक टाक्यांनी शिवतात. दोन्ही बाजूंना मिळून दोन ते अडीच तास, मान धरली तर तीन.

पहिले ४८ तास सर्वांत महत्त्वाचे. सर्वांत जास्त दिसणारी गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली रक्त साकळणं. शंभरात साधारण दोन-तीन जणींना होतं. पुरुषांत प्रमाण दुपटीहून अधिक, कारण दाढीच्या त्वचेला रक्त जास्त. बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच. अ‍ॅड्रेनलिनचा असर उतरला, आकसलेल्या वाहिन्या उघडल्या आणि त्याच वेळी दुखण्यामुळे, उलटीमुळे, खोकल्यामुळे किंवा लघवी तुंबल्यामुळे रक्तदाब चढला, की बंद झालेली वाहिनी पुन्हा फुटते. म्हणून वरचा आकडा १४० च्या आत ठेवतात. खूण अशी: एकाच बाजूला अचानक वाढणारं दुखणं, गच्च ताण, फुगवटा, निळसर झाक. दोन्ही बाजू सारख्या सुजल्या तर ती नेहमीची सूज. एकच बाजू फुगली तर सकाळची वाट पाहू नका. टाके उघडून गुठळी लगेच काढली तर निकालात फरक पडत नाही. रात्रभर राहिली तर वरची त्वचा जाऊ शकते. चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळहून येणाऱ्यांनी त्यामुळे निदान दोन रात्री नागपुरातच राहावं. दुसऱ्या दिवशी दीडशे किलोमीटरचा गाडीचा प्रवास करण्यात शहाणपण नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही तास तोंड एका बाजूला वाकडं वाटलं तर बहुधा ती भूल असते, ती उतरते. दुसऱ्या दिवशीही राहिलं तर दाखवायचं.

झोपताना दोन-तीन उशा, पाठीसकट. नुसती मान वाकवणारी उंच उशी नको, त्याने हनुवटीखाली सूज साचते. वाकून पूजा, खाली बसून फरशी पुसणं, जोर लावून शौच, सगळं दहा दिवस बंद. जेवायला वरणभात, गुरगुट्या भात, मऊ खिचडी. फुटाणे आणि कडक भाकरी दोन आठवडे नको, चावताना ओढ बसते. तर्री आणि सावजी रश्शालाही सुट्टी द्या. मिठाने सूज धरते आणि गोळ्यांबरोबर तिखटाने पोट जळतं. बर्फ सरळ गालावर ठेवू नका. कानापुढची आणि गालाची त्वचा काही आठवडे, कधी तीन ते सहा महिने बधिर असते. तिला गार-गरम कळत नाही. बर्फाने, गरम शेकाने आणि हेअर ड्रायरने भाजलेले गाल असेच तयार होतात.

सूज तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त. चौथ्या-पाचव्या दिवशी आरसा पाहून रडू येतं, ‘हे काय करून घेतलं’ असं वाटतं. तेही नेहमीचंच आहे, घरच्यांना आधी सांगून ठेवा. टाके पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात, केसांतले दहाव्या दिवशी. काळे-निळे डाग खाली मानेवर उतरत दोन आठवड्यांत पिवळे होऊन जातात. दुकानात बसायला दोन आठवडे धरा. मेकअपने झाकून दहा दिवस. गाडीचं काय, हा खास नागपूरचा प्रश्न. हेल्मेट बरोबर कानापुढच्या व्रणावर आवळतं आणि काढताना तो वर ओरबाडतं, तोंडाला गच्च बांधलेला स्कार्फही तसाच. तीन-चार आठवडे दुचाकी नको. हेल्मेटशिवाय चालवणं हा त्याचा उपाय नव्हे. फुटाळा तलावावर हळू चालणं आठवड्याने चालेल, जिम, कपालभाती आणि शीर्षासन सहा आठवड्यांनी. केसांना रंग आठवडाभर आधी लावून घ्या, नंतर सहा आठवडे नाही.

व्रण दोन-तीन महिने गुलाबी-तपकिरी असतो, फिका व्हायला वर्ष लागतं. आपल्या त्वचेवर उन्हाने तो काळा पडतो, म्हणून सनस्क्रीन आणि तिसऱ्या आठवड्यापासून सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा, तीन महिने. म्हणूनच एप्रिल-मे नको. ४५ अंशांत चेहऱ्याला आवळपट्टी बांधून बसणं म्हणजे शिक्षा आहे, घामाने टाकेही ओले राहतात.

बाकी जे बिघडतं ते बहुतेक त्वचेवर ताण टाकल्याने. कानाची पाळी खाली ओढली जाऊन गालाला चिकटल्यासारखी दिसते, कानापुढचा छोटा उंचवटा सपाट होतो, कल्ल्याचे केस वर सरकतात, व्रण रुंदावतो. कर्णफुलं घालणाऱ्या बाईला पाळीचा हा दोष फार जाणवतो. पाळीखाली त्वचेची चुणी राहिली तर ती बहुधा तीन महिन्यांत बसते; नाही बसली तर जागेवर भूल देऊन काढतात. गालावर हाताला गाठ लागते ती आतल्या टाक्याची. नसेला कायमची इजा विरळ, पण शक्य आहे, आणि ही ओळ संमतीपत्रावर सही करण्याआधी वाचायची असते.

टिकतं किती? चांगल्या केलेल्या कामाला पाच वर्षांच्या आसपास धरा. मोठ्या, खोल थराच्या फेसलिफ्टला दहाच्या आसपास. वय थांबत नाही, फक्त काटा मागे घेऊन पुन्हा सुरू होतो.

लग्नाचा हिशेब त्यामुळे असा. आज खर्रा सुटला तर चार आठवडे मोजा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शस्त्रक्रिया झाली तर फेब्रुवारीपर्यंत तीन महिने मिळतात. सूज बसते, फोटोत काही कळत नाही. डिसेंबरचा शेवट ही अखेरची मर्यादा, तीही जराशी धाकधुकीची. जानेवारीत कोणी ‘करून टाकू’ म्हटलं तर लग्नानंतरची तारीख घ्या. विहिणीला सूज समजावत बसण्यापेक्षा ते बरं.

धंतोली-रामदासपेठेत पाट्या पुष्कळ आहेत. पाहायचं ते एवढंच: प्लास्टिक सर्जरीतली एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, खोलीत भूलतज्ज्ञ आणि ऑक्सिजनसकट आणीबाणीची सोय आहे का. रात्री दोन वाजता गाल फुगला तर फोन कोण उचलणार आणि थिएटर कोण उघडणार, हेही विचारा. फोटो मागाल तेव्हा एक वर्षानंतरचे, बाजूने काढलेले आणि कान उघडा असलेले मागा. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. सांगितलेल्या रकमेत तो, भूल, थिएटर, तपासण्या आणि नंतर गुठळी काढावी लागली किंवा चुणी दुरुस्त करावी लागली तर त्याचा खर्च धरला आहे का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या.